द्राक्षमद्य व आरोग्य

द्राक्षमद्य व आरोग्य : द्राक्षांचा रस आंबवून तयार केलेल्या व वाइन या नावाने परिचित असलेल्या मद्याचे मानवी शरीरावर होणारे परिणाम, तसेच त्यांविषयी वैद्यकात वेळोवेळी बदलत गेलेली मते यांचा विचार या नोंदीत केला आहे. द्राक्षमद्य हे औषध आहे, अन्न आहे की विष आहे, हा प्रश्न सुमारे अडीच हजार वर्षे चर्चिला जात आहे. त्याची उत्तरे कालमानानुसार बदलली, त्याचे कारण केवळ ज्ञानाची वाढ हे नाही. प्रत्येक काळी द्राक्षमद्याची तुलना वेगवेगळ्या गोष्टींशी केली गेली. कधी दूषित पाण्याशी, कधी ऊर्ध्वपातित कडक दारूशी, तर कधी मद्य मुळीच न पिणाऱ्यांच्या प्रकृतीशी. तुलनेचे परिमाण बदलताच निष्कर्षही बदलत गेला. या विषयाचा इतिहास म्हणजे बव्हंशी या तुलनांचा इतिहास होय.

घटक : द्राक्षमद्यात सु. ८५ टक्के पाणी व सामान्यतः ९ ते १५ टक्के (घनफळानुसार) एथिल अल्कोहॉल असते. यांखेरीज टार्टारिक व इतर अम्ले, अल्प शर्करा, ग्लिसरीन, खनिज लवणे आणि टॅनिने, अँथोसायनिने यांसारखी पॉलिफिनॉल वर्गातील संयुगे असतात. तांबडे मद्य द्राक्षांच्या सालींसह आंबवितात, त्यामुळे त्यात ही संयुगे पांढऱ्या मद्यापेक्षा अधिक असतात. १२ टक्के तीव्रतेच्या १५० मिलि. मद्यातून सु. १४ ग्रॅ. अल्कोहॉल शरीरात जाते व त्यातून सु. १०० किलोकॅलरी ऊर्जा मिळते. ही ऊर्जा प्रथिने वा जीवनसत्त्वे यांच्या जोडीने येत नसल्यामुळे तिला पोषणमूल्य जवळजवळ नसते. यकृतात अल्कोहॉलाचे प्रथम ॲसिटाल्डिहाइडात व नंतर ॲसिटेटात रूपांतर होते. यांपैकी ॲसिटाल्डिहाइड हे विषारी असून पेशींतील डीएनए या आनुवंशिक द्रव्याला इजा करते. मद्य द्राक्षांचे असो, धान्याचे असो वा मोहाचे असो, त्यातील अल्कोहॉल व त्याचे शरीरात होणारे विघटन एकच असते, ही गोष्ट पुढील विवेचनात ध्यानात ठेवणे आवश्यक आहे.

प्राचीन काळ : द्राक्षमद्याचे आजवर ज्ञात असलेले सर्वांत जुने रासायनिक अवशेष जॉर्जिया देशातील नवाश्मयुगीन वसाहतींतील मातीच्या भांड्यांत सापडले असून ते सु. इ. स. पू. ६००० च्या सुमाराचे आहेत. आर्मेनियातील अरेनी येथील गुहेत सु. इ. स. पू. ४१०० मधील मद्यनिर्मितीचे स्थळ उघडकीस आले आहे. ईजिप्तमधील एबर्स पपायरस (सु. इ. स. पू. १५५०) या वैद्यकीय लेखात औषधी वनस्पती कालविण्यासाठी मद्याचा उपयोग सांगितला आहे. पाण्यात न विरघळणारी अनेक वनस्पतिद्रव्ये अल्कोहॉलात विरघळतात व अशी औषधे टिकतातही. त्यामुळे या उपयोगामागे अनुभवाचा भक्कम आधार होता.

ग्रीक वैद्य हिपॉक्राटीझ (सु. इ. स. पू. ४६०–सु. ३७०) यांच्या नावावर असलेल्या ग्रंथसमुच्चयात द्राक्षमद्य हे पथ्याचे एक अंग मानले आहे. पांढरे व तांबडे, गोड व तुरट, पातळ व दाट अशा प्रकारांचे पचन, मूत्रविसर्जन व मस्तक यांवरील परिणाम तेथे वेगवेगळे सांगितले असून जखमा मद्याने धुण्याचा सल्लाही दिला आहे. डोके जड होणे यांसारखी लक्षणे असताना मद्य टाळावे, असा इशाराही त्यात आहे. ग्रीक लोक मद्य पाणी मिसळूनच पीत. निर्भेळ मद्य पिणे हे असंस्कृतपणाचे लक्षण समजले जाई. रोमन काळात थोरल्या प्लिनीने (२३–७९) आपल्या निसर्गविषयक ग्रंथातील चौदावा खंड द्राक्षवेल व मद्य यांना वाहिला. गेलेन (१२९–सु. २१६) हे पर्गमम येथे द्वंद्वयोद्ध्यांचे वैद्य असताना त्यांच्या जखमांवर मद्यात भिजविलेली वस्त्रे बांधीत. शरीरातील उष्ण-शीत व आर्द्र-शुष्क गुणांच्या समतोलाच्या सिद्धांतानुसार त्यांनी मद्य वृद्धांस उपयुक्त व मुलांस अपायकारक ठरविले. मात्रा व व्यक्ती यांचा विचार केल्याविना मद्याविषयी मत देता येत नाही, ही भूमिका या वैद्यांनी प्रथम स्पष्टपणे मांडली.

भारतीय वैद्यक : भारतातही द्राक्षमद्य परिचित होते. कौटिलीय अर्थशास्त्रातील सुराध्यक्षाच्या प्रकरणात द्राक्षांच्या रसापासून केलेल्या मद्यास ‘मधु’ म्हटले असून त्याचे कापिशायन व हारहूरक असे प्रकार सांगितले आहेत. ही नावे वायव्येकडील द्राक्षोत्पादक प्रदेशांवरून पडली. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात मूळ द्रव्यांनुसार आसवांचे ८४ प्रकार मोजले आहेत, तर चिकित्सास्थानातील चोविसावा अध्याय मदात्यय, म्हणजे अतिमद्यपानाने होणारे विकार, यांविषयी आहे. मद्य हे स्वभावतः अन्नासारखेच असून युक्तीने घेतल्यास ते हितकर, अयुक्तीने घेतल्यास रोगकारक होते, असे चरकाचे प्रतिपादन आहे. मात्र या युक्तीच्या अटी बऱ्याच कडक आहेत. योग्य विधी, योग्य मात्रा, योग्य काळ, हितकर अन्नाची जोड, स्वतःचे बल व मनाची प्रसन्नता या सर्व गोष्टी एकत्र असाव्या लागतात. याच अध्यायात मद्याचे लघू, उष्ण, तीक्ष्ण, सूक्ष्म इ. दहा गुण हे शरीरातील ओजाच्या दहा गुणांच्या नेमके विरुद्ध असल्याचे सांगून मद्य ओजावर आघात करून मनास क्षुब्ध करते, अशी उपपत्ती मांडली आहे. मदाच्या चढत्या अवस्थांचे वर्णनही बारकाईचे आहे. सुश्रुतसंहितेत शस्त्रकर्मापूर्वी, वेदना सहन न होणाऱ्या व मद्याची सवय असलेल्या रुग्णास तीक्ष्ण मद्य पाजावे असे सांगितले आहे. बधिरीकरणाच्या इतिहासात या उल्लेखाला महत्त्व आहे.

आयुर्वेदातील द्राक्षासव व द्राक्षारिष्ट ही औषधे याच परंपरेतील होत. धायटीच्या फुलांच्या साहाय्याने ती आंबवितात. त्यांत तयार होणारे अल्कोहॉल साधारणतः ५ ते १० टक्क्यांच्या आसपास असते. ती चमच्याच्या मापाने, समभाग पाण्यातून व जेवणानंतर घेतली जातात. त्यामुळे एका मात्रेतून जाणारे अल्कोहॉल १ ते २ ग्रॅमच्या आसपासच राहते. या औषधांचा दाखला देऊन द्राक्षमद्याच्या नित्यपानाचे समर्थन करणे म्हणूनच युक्त ठरत नाही.

मध्ययुग व अर्वाचीन काळाचा प्रारंभ : इस्लाममध्ये मद्य निषिद्ध असले, तरी इब्न सीना (९८०–१०३७) यांच्या वैद्यकावरील प्रमाणग्रंथात मद्याच्या गुणदोषांची चर्चा आढळते. त्यातून ग्रीक विचार यूरोपास पुन्हा परिचित झाला. व्हिलानोव्हाचे आर्नल्ड (सु. १२४०–१३११) यांच्या नावावर असलेल्या मद्यविषयक ग्रंथात औषधी वनस्पतींनी सिद्ध केलेल्या द्राक्षमद्यांच्या कृती दिल्या आहेत. ऊर्ध्वपातनाने मिळविलेल्या मद्यार्कास याच काळात ‘जीवनजल’ हे नाव मिळाले. पुढे कडक दारू स्वस्त झाली व तिचे दुष्परिणाम उघड दिसू लागले, तेव्हा द्राक्षमद्यास अनायासे सौम्य पेयाची प्रतिष्ठा लाभली. अमेरिकन वैद्य बेंजामिन रश (१७४५–१८१३) यांनी १७८४ मध्ये ऊर्ध्वपातित मद्यांच्या दुष्परिणामांवर लिहिलेल्या पुस्तिकेत कडक दारू व्याधी आणि दुराचार यांचे मूळ मानली, तर द्राक्षमद्य व बिअर मर्यादेत घेतल्यास आरोग्यास पोषक मानली. येथे तुलना निर्व्यसनी माणसाशी नव्हती, दारुड्याशी होती.

एकोणिसावे शतक : या शतकात दोन परस्परविरुद्ध प्रवाह एकाच वेळी वाहत होते. एकीकडे विकृतिविज्ञानाने मद्यजन्य रोगांचे स्वरूप स्पष्ट केले. ब्रिटिश वैद्य टॉमस ट्रॉटर (१७६०–१८३२) यांनी १८०४ मध्ये मद्यासक्ती हा रोग असल्याचे प्रतिपादिले. फ्रेंच वैद्य रने लाएनेक (१७८१–१८२६) यांनी १८१९ मध्ये यकृत सूत्रण रोगास ‘सिऱ्होसिस’ हे नाव दिले. स्वीडिश वैद्य माग्नुस हुस यांनी १८४९ मध्ये दीर्घकालीन मद्यपानाने होणाऱ्या विकारांस ‘अल्कोहॉलिझम’ ही संज्ञा योजली. दुसरीकडे रुग्णालयांतून मद्य सढळपणे दिले जात होते. लंडनमधील वैद्य रॉबर्ट बेंटली टॉड (१८०९–६०) हे तापाच्या रोग्यांस ब्रँडी नियमाने देत. या पद्धतीचा प्रभाव ब्रिटनमध्ये बराच काळ टिकला. तीविरुद्धची प्रतिक्रिया म्हणून १८७३ मध्ये लंडन येथे मद्याविना उपचार करणारे रुग्णालय निघाले.

लूई पाश्चर (१८२२–९५) यांनी तिसऱ्या नेपोलियनच्या सांगण्यावरून द्राक्षमद्य बिघडण्याच्या कारणांचे संशोधन केले. १८६६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या ग्रंथात द्राक्षमद्याला सर्वांत आरोग्यकारक पेय म्हटले आहे. या विधानाचा उपयोग पुढे शतकभर जाहिरातींसाठी होत राहिला. परंतु त्याचा संदर्भ लक्षात घेतला पाहिजे. त्या काळी यूरोपीय शहरांतील विहिरी व नद्या मैल्याने दूषित होत्या आणि पटकी व आंत्रज्वर यांच्या साथी वारंवार येत. द्राक्षमद्यातील अम्लता, अल्कोहॉल व फिनॉलिक संयुगे यांच्या एकत्रित परिणामामुळे हे रोगजंतू त्यात फार काळ जगत नाहीत. १८९२ मध्ये आलॉइस पिक यांनी व्हिएन्ना येथे ही गोष्ट प्रयोगाने दाखविली. दूषित पाणी व द्राक्षमद्य यांतून निवड करावयाची असता पाश्चर यांचे मत चुकीचे नव्हते. शुद्ध पाण्याचा नळ घरात आला, तेव्हा त्या विधानाचा आधारच नाहीसा झाला. विधान मात्र उरले.

फ्रान्सचा अनुभव : द्राक्षमद्य हे राष्ट्रीय पेय मानणाऱ्या फ्रान्समध्ये या प्रश्नाला अर्थकारणाची बाजूही होती. पहिल्या महायुद्धात फ्रेंच सैनिकांस रोजच्या शिध्यात द्राक्षमद्य मिळे. १९३१ मध्ये द्राक्षमद्याच्या प्रचारासाठी एक राष्ट्रीय समिती नेमण्यात आली. दुसऱ्या महायुद्धाने एक अनपेक्षित प्रयोगच घडवून आणला. जर्मन अंमलाखाली द्राक्षमद्याचे नियंत्रित वाटप सुरू झाले, तेव्हा पॅरिसमधील यकृत सूत्रण रोगाने होणाऱ्या मृत्यूंचे प्रमाण झपाट्याने खाली आले. युद्धानंतर नियंत्रणे उठताच ते पुन्हा वाढले. हे मृत्यू मुख्यतः कडक दारूमुळे नव्हे, तर द्राक्षमद्याच्या रोजच्या सेवनाने होत होते, हे यावरून दिसून आले. फ्रेंच लोकसंख्याशास्त्रज्ञ स्यूली लेदरमान यांनी १९५६ मध्ये, समाजातील मद्याचा सरासरी खप व अतिमद्यपान करणाऱ्यांचे प्रमाण यांचा निकटचा संबंध असतो, हे मत मांडले. प्येर मांदेस-फ्रान्स यांच्या सरकारने १९५४ मध्ये मद्यासक्तीच्या अभ्यासासाठी उच्च समिती स्थापन केली. १९५६ मध्ये चौदा वर्षांखालील मुलांस शाळेच्या भोजनगृहात मद्य देणे बंद झाले आणि १९९१ च्या एव्हँ कायद्याने मद्याच्या जाहिरातींवर कडक बंधने आली. १९६० च्या सुमारास दरडोई १०० लिटरांहून अधिक असलेला फ्रान्समधील द्राक्षमद्याचा वार्षिक खप एकविसाव्या शतकाच्या प्रारंभीच्या दशकांत निम्म्याहूनही खाली गेला.

हृदयविकार व ‘फ्रेंच विरोधाभास’ : अमेरिकन जीववैज्ञानिक रेमंड पर्ल (१८७९–१९४०) यांनी १९२६ मध्ये बॉल्टिमोर येथील कुटुंबांच्या अभ्यासावरून, बेताने पिणाऱ्यांचे आयुष्य न पिणाऱ्यांपेक्षा कमी नसते, असा निष्कर्ष काढला. या विचारास अर्धशतकाने नवे बळ मिळाले. १९७४ मध्ये आर्थर क्लाट्स्की व त्यांच्या सहकाऱ्यांना कॅलिफोर्नियातील आरोग्य-तपासणीच्या नोंदींत, हृद्‌स्नायू-अभिकोथाच्या (हृदयविकाराच्या झटक्याच्या) रुग्णांत मद्य न पिणाऱ्यांचे प्रमाण अपेक्षेपेक्षा अधिक आढळले. १९७९ मध्ये सेंट लेजर, कॉक्रेन व मूर यांनी १८ विकसित देशांतील आकडेवारीची तुलना केली. ज्या देशांत द्राक्षमद्याचा खप जास्त, तेथे हृद्-रोहिणीच्या विकाराने होणारे मृत्यू कमी, असा संबंध त्यांस दिसला.

फ्रेंच लोकांच्या आहारात लोणी, चीज इत्यादींतील संतृप्त वसा भरपूर असूनही त्यांच्यात हृदयविकाराने होणारे मृत्यू कमी आहेत, या निरीक्षणास ‘फ्रेंच विरोधाभास’ असे नाव पडले. १७ नोव्हेंबर १९९१ रोजी अमेरिकेतील दूरचित्रवाणीच्या एका लोकप्रिय कार्यक्रमात फ्रेंच संशोधक सेर्झ रनो यांनी याचे श्रेय द्राक्षमद्यास दिले. त्यानंतर तेथील तांबड्या मद्याची विक्री एकदम वाढली. १९९२ मध्ये रनो व मिशेल द लॉर्झरील यांनी लॅन्सेट या नियतकालिकातील लेखात, रोज २० ते ३० ग्रॅ. अल्कोहॉल घेतल्याने हृद्-रोहिणीच्या विकाराचा धोका निदान ४० टक्क्यांनी कमी होऊ शकतो व रक्तातील बिंबाणू परस्परांस चिकटण्याची प्रवृत्ती कमी होणे हे त्याचे कारण असावे, असे म्हटले.

प्रयोगशाळेतून या मतास पुष्टी मिळाल्यासारखे वाटले. द्राक्षांच्या सालीत असणारे रेझव्हेरट्रॉल हे संयुग १९९२ मध्ये द्राक्षमद्यात आढळले. १९९७ मध्ये त्याचा कर्करोगविरोधी व २००३ मध्ये यीस्ट पेशींचे आयुष्य वाढविणारा परिणाम प्रयोगांत दिसून आला. परंतु एक लिटर तांबड्या मद्यात हे द्रव्य फार तर काही मिलिग्रॅम असते, तर माणसांवरील प्रयोगांत शेकडो मिलिग्रॅमच्या मात्रा द्याव्या लागतात. इटलीतील टस्कनी भागातील ६५ वर्षांवरील ७८३ व्यक्तींच्या २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात मूत्रातील रेझव्हेरट्रॉलजन्य पदार्थांचे प्रमाण व हृदयविकार, कर्करोग किंवा मृत्यू यांचा कोणताही संबंध दिसला नाही.

आक्षेप व पुनर्विचार : मर्यादित मद्यपानाचा लाभ दाखविणाऱ्या बहुतेक अभ्यासांत धोक्याचा आलेख इंग्रजी ‘यू’ वा ‘जे’ अक्षराच्या आकाराचा येतो. म्हणजे मुळीच न पिणाऱ्यांत धोका थोडा अधिक, बेताने पिणाऱ्यांत सर्वांत कमी व अधिक पिणाऱ्यांत पुन्हा अधिक. या आलेखाच्या डाव्या टोकावरच पुढे वाद केंद्रित झाला. ब्रिटनमधील ७,७३५ मध्यमवयीन पुरुषांच्या पाहणीच्या आधारे ए. जी. शेपर व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८८ मध्ये दाखविले की, ‘न पिणाऱ्या’ गटात पूर्वी पिणारे व प्रकृती बिघडल्यामुळे मद्य सोडलेले बरेच लोक असतात. अशा रोग्यांशी तुलना केल्यास पिणारा माणूस निरोगी दिसणारच. मद्याने प्रकृती सुधारली असे नसून, प्रकृती चांगली म्हणून मद्य चालू राहिले, अशी ही कार्यकारणाची उलटापालट होती.

दुसरा आक्षेप राहणीमानाचा. डेन्मार्कमधील किराणा दुकानांतील सु. ३५ लक्ष खरेदी-व्यवहारांच्या २००६ मधील अभ्यासात द्राक्षमद्य घेणारे ग्राहक ऑलिव्ह, फळे, भाज्या व कमी वसेचे पदार्थ अधिक घेताना आढळले, तर बिअर घेणारे तयार खाद्ये, सॉसेज व बटाट्याच्या चकत्या अधिक घेत होते. द्राक्षमद्य पिणारा वर्ग अनेक देशांत अधिक शिकलेला व सुस्थितीतील असतो. त्यामुळे चांगला आहार, व्यायाम व वेळीच मिळणारे औषधोपचार यांचे श्रेय पेल्याकडे जाण्याचा संभव राहतो. फ्रेंच विरोधाभासालाही १९९४ मध्ये धक्का बसला. क्रिकी व रिंगल यांनी २१ देशांच्या आकडेवारीवरून, द्राक्षमद्यामुळे हृदयविकाराचे मृत्यू कमी दिसले तरी एकूण मृत्युमान कमी होत नाही, असे दाखविले. हृदयविकारातील लाभ इतर कारणांच्या मृत्यूंत खर्ची पडत होता. १९९९ मध्ये लॉ व वॉल्ड यांनी, फ्रान्समधील मृत्युनोंदींत हृदयविकाराचे प्रमाण कमी नोंदले जाते, तसेच तेथील आहारातील प्राणिज वसा उशिरा वाढल्यामुळे तिचे परिणामही उशिरा दिसतील, असे प्रतिपादिले.

अशा शंकांचे निरसन यादृच्छिक चाचण्यांनीच होऊ शकते. परंतु त्या फार थोड्या झाल्या आहेत. इझ्राएलमध्ये मधुमेहाच्या २२४ रुग्णांना दोन वर्षे रात्रीच्या जेवणाबरोबर १५० मिलि. तांबडे मद्य, पांढरे मद्य वा खनिजजल देण्यात आले. तांबड्या मद्याच्या गटात उच्च घनतेच्या कोलेस्टेरॉलात किंचित वाढ दिसली. मात्र तीमुळे रोग वा मृत्यू टळतात काय, हे सांगण्याइतकी ही चाचणी मोठी नव्हती. सु. ७,८०० व्यक्तींचा समावेश असलेली एक मोठी आंतरराष्ट्रीय चाचणी अमेरिकेत आखली गेली होती. परंतु तिला मद्य-उद्योगाचे अर्थसाहाय्य होते व तिच्या आखणीच्या वेळी त्या उद्योगाशी अनुचित संपर्क झाल्याचे उघडकीस आल्याने ती जून २०१८ मध्ये रद्द करण्यात आली. उत्तर कोण शोधतो व त्याचा खर्च कोण सोसतो, हा प्रश्न या क्षेत्रात गौण नाही.

आनुवंशिक भेदांचा उपयोग करून हा पेच वेगळ्या मार्गाने सोडविण्याचा प्रयत्न झाला. पूर्व आशियातील अनेकांत ॲसिटाल्डिहाइडाचे विघटन करणारे एंझाइम दुर्बळ असते. अशांना मद्य घेताच चेहरा लाल होणे, मळमळणे असा त्रास होतो व ते स्वाभाविकपणे कमी पितात. जनुके ही शिक्षण, उत्पन्न वा आजार यांवरून ठरत नसल्यामुळे अशा गटांची तुलना अधिक विश्वसनीय असते. चीनमधील पाच लक्षांहून अधिक प्रौढांच्या २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, प्रत्यक्ष मद्यपानाच्या नोंदींवरून पक्षाघाताचा ‘यू’ आकाराचा आलेख मिळाला. जनुकांच्या आधारे तुलना करताच मर्यादित मद्यपानाचा लाभ नाहीसा झाला व मद्याबरोबर पक्षाघाताचा धोका वाढत जातो असे दिसले. २०२३ मध्ये १०७ अभ्यासांतील सु. ४८ लक्ष व्यक्तींच्या माहितीचे एकत्रित परीक्षण झाले. त्यात पूर्वीच्या अभ्यासांतील दोष वगळता अल्प मद्यपानाने एकूण मृत्युमान लक्षणीय रीत्या घटत नाही, असा निष्कर्ष निघाला.

कर्करोग व इतर अपाय : हृदयविकाराविषयीच्या वादात कर्करोगाचा पुरावा काहीसा झाकला गेला. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने १९८८ मध्येच मद्ययुक्त पेयांचा समावेश मानवात निश्चितपणे कर्करोग उत्पन्न करणाऱ्या घटकांच्या पहिल्या वर्गात केला. मुख, घसा, स्वरयंत्र, अन्ननलिका, यकृत, बृहदांत्र व गुदांत्र आणि स्त्रियांचे स्तन यांच्या कर्करोगांशी मद्याचा कार्यकारणसंबंध मान्य झाला आहे. स्तनाच्या कर्करोगाचा धोका अल्प प्रमाणातील मद्यपानानेही थोडा वाढतो. पेय द्राक्षांचे आहे म्हणून त्यात फरक पडत नाही. गर्भावर होणारे परिणाम फ्रान्समधील नँट येथे १९६८ मध्ये व अमेरिकेत १९७३ मध्ये वर्णिले गेले. गर्भारपणात सुरक्षित अशी मद्याची कोणतीही मात्रा ज्ञात नाही.

या सर्व पुराव्यामुळे अधिकृत सल्ल्यातील मर्यादा उत्तरोत्तर कमी होत गेल्या. २०१६ मध्ये ब्रिटनने पुरुष व स्त्रिया या दोघांसाठीही आठवड्यास १४ एकके (११२ ग्रॅ. अल्कोहॉल, म्हणजे १२ टक्के तीव्रतेच्या मद्याच्या दीड बाटलीहून किंचित अधिक) ही मर्यादा सुचविली. २०१८ मध्ये सु. सहा लक्ष मद्यपींच्या माहितीवरून, आठवड्यास १०० ग्रॅ. अल्कोहॉलापलीकडे मृत्यूचा धोका वाढू लागतो असे आढळले. जानेवारी २०२३ मध्ये कॅनडातील तज्ज्ञमंडळाने आठवड्यास दोन पेयांपर्यंतच धोका कमी राहतो असे सांगितले व त्याच महिन्यात जागतिक आरोग्य संघटनेने मद्याची आरोग्यास सुरक्षित अशी कोणतीही पातळी नाही, असे निवेदन केले. मतभेद संपले आहेत असे मात्र नाही. २०२२ मधील एका जागतिक विश्लेषणात तरुणांना मद्याचा कोणताही लाभ दिसला नाही, तरी हृदयविकाराचे प्रमाण अधिक असलेल्या वयस्कर गटांत अत्यल्प मद्यपानाने काही लाभ संभवतो, असे म्हटले आहे. हा लाभ खरा मानला, तरी तो चालणे, धूम्रपान सोडणे व रक्तदाब नियंत्रणात ठेवणे यांनी अधिक खात्रीने व अपायाविना मिळू शकतो.

महाराष्ट्रातील संदर्भ : भारतीय संविधानाच्या अनुच्छेद ४७ मध्ये औषधी उपयोग वगळता मादक पेयांच्या सेवनास बंदी करण्याचा प्रयत्न राज्याने करावा, असे मार्गदर्शक तत्त्व आहे. मुंबई दारूबंदी अधिनियम, १९४९ (पुढे महाराष्ट्र दारूबंदी अधिनियम) यात आरोग्याच्या कारणास्तव परवाना देण्याची तरतूद होती. त्यामुळे ‘आरोग्यासाठी मद्य’ ही कल्पना येथे कायद्याच्या भाषेतही शिरली. या अधिनियमाविषयीच्या बलसारा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९५१ मध्ये अल्कोहॉलयुक्त औषधी व प्रसाधन द्रव्यांवरील बंदी अवैध ठरविली. औषध व पेय यांतील सीमारेषा कोठे आखावी, हा जुनाच प्रश्न तेथे न्यायालयापुढे आला होता. नासिक जिल्हा, पुणे जिल्ह्यातील नारायणगाव व सांगली जिल्हा या द्राक्षोत्पादक भागांत विसाव्या शतकाच्या अखेरीपासून मद्यनिर्मिती वाढली. २००१ मध्ये राज्याने द्राक्षप्रक्रिया उद्योगाचे धोरण जाहीर केले व विंचूर आणि पलूस येथे द्राक्षमद्य उद्याने स्थापन झाली. जानेवारी २०२२ मध्ये मोठ्या किराणा भांडारांतून द्राक्षमद्य विकू देण्याचा निर्णय राज्य मंत्रिमंडळाने घेतला, तेव्हा द्राक्षमद्य म्हणजे दारू नव्हे, असा युक्तिवाद पुढे आला व त्यास विरोधही झाला. द्राक्ष-बागाईतदाराच्या उत्पन्नाचा प्रश्न खरा व गंभीर आहे, परंतु त्याचा विचार अर्थकारणाच्या कसोटीवर व्हावयास हवा. अल्कोहॉलाच्या दृष्टीने द्राक्षमद्य हे मद्यच आहे.

निष्कर्ष : उपलब्ध पुराव्यावरून, आरोग्य सुधारावे या हेतूने न पिणाऱ्याने द्राक्षमद्य सुरू करावे, असे म्हणण्यास आधार नाही. जे पितात त्यांच्या बाबतीत प्रमाण जितके कमी तितका धोका कमी. रोज न पिणे व एका वेळी फार न पिणे हे त्यातल्या त्यात बरे. गर्भवती स्त्रिया, अल्पवयीन मुले, यकृताचे रोगी, व्यसनातून मुक्त झालेले लोक, वाहन चालविणारे, तसेच झोपेची वा रक्त साखळू न देणारी औषधे किंवा इन्शुलीन घेणारे यांनी ते वर्ज्य करणे इष्ट होय. प्राचीन वैद्यांनी मद्याला घातलेल्या अटी पाहता, त्यांनाही ते सर्वांस निर्दोष वाटत नव्हते हे स्पष्ट होते. ज्या काळी वेदनाशामके, जंतुनाशके व शुद्ध पाणी नव्हते, त्या काळी द्राक्षमद्याने या तिन्हींची उणीव काही अंशी भरून काढली. ती कामे आता अधिक चांगल्या साधनांकडे गेली आहेत. चव, सोबत व सणसमारंभ यांसाठी द्राक्षमद्याचे स्थान काही समाजांत टिकून राहील, परंतु तो रुचीचा व रीतीचा भाग होय. औषध म्हणून त्याची जागा आज इतिहासात आहे.